कढीपत्त्यावरच्या अळ्या दरवेळी गायब होतात? माझ्याकडे नेमकं कुठे बिघडत होतं ते सांगते

प्रॉब्लेम आधी सांगते, म्हणजे तुमचाही तोच आहे का ते बघा. बॉक्स ग्रिलमध्ये कढीपत्ता आहे, दोन-चार फुलझाडं आहेत, फुलपाखरू येतं, अंडी घालून जातं, आठवड्याभरात अळ्या दिसायला लागतात, घरातले सगळे येऊन येऊन कौतुकाने बघतात, आणि मग एक दिवस सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जावं तर झाड रिकामं. नाहीतर अळ्या काळ्या पडून लोंबकळलेल्या. माझ्याकडे हे लागोपाठ दोन वर्षं झालं, दर खेपेला.

आम्ही मुलुंड पश्चिमेला, तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, अकरापर्यंत मस्त ऊन. मागे नॅशनल पार्कचा डोंगर, त्यामुळे फुलपाखरं येतातच, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. तर मी काय केलं, सगळेच करतात तेच, अजून फुलझाडं आणली. पेंटास आणला, झिनिया लावला, एक्झोरा होताच, नर्सरीवाल्याने "बटरफ्लाय प्लांट आहे मॅडम" म्हणून जे हातात दिलं ते ते घेतलं. येणारी फुलपाखरं वाढली, खोटं कशाला बोलू. पण आमच्या ग्रिलमध्ये जन्मलेलं एकही नाही. फुलझाड म्हणजे खानावळ, जेवायचं आणि निघायचं. बाळंतपणाला माहेर लागतं, ते वेगळं झाड, आणि ते तर माझ्याकडे होतं की, मग अडत कुठे होतं?

शेवटी गेल्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला मी मोजायला लागले. कालनिर्णयवर आमच्याकडे दुधाचे खाडे लिहितात त्याच चौकटीत पेन्सिलने रोज लिहायचं, 'अं ७', 'अळी ४', असं. श्रावणात सासूबाईंनी ते वाचलं आणि थेट किचनमध्ये येऊन, "अगं, श्रावणात सात अंडी कोणी आणली घरात?" त्यांना टॉर्च लावून कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावरचं अंडं दाखवलं तेव्हा विषय मिटला. मोहरीपेक्षाही बारीक, फिकट पिवळं, गोल गरगरीत, एकेकटं चिकटवलेलं असतं. तेव्हापासून त्याच मोजायला लागल्या, माझ्यापेक्षा त्यांची नजर चांगली आहे.

तर हे करा आधी, बाकी सगळं नंतर. नुसतं 'अळ्या मेल्या' म्हणून काही कळत नाही, अंडी असताना गेली, अळी बारीक असताना गेली, मोठी झाल्यावर गेली की कोष झाल्यावर गेली, हे कळलं की अर्धं काम झालं, कारण प्रत्येक वेळचा चोर वेगळा आहे. कढीपत्ता-लिंबावर येणाऱ्या लाइम बटरफ्लायचा हिशोब साधारण असा, अंड्यातून तीनेक दिवसांत अळी, मग दोन आठवडे अळी खाते, मग आठ-दहा दिवस कोष. म्हणजे महिनाभराचं प्रकरण. थंडीत थोडं लांबतं.

मध्येच एक, ज्यांच्याकडे फुलपाखरूच येत नाही त्यांच्यासाठी. ऊन बघा. रोज चार-पाच तास थेट ऊन नसेल तर बरीचशी येणारच नाहीत, त्यांना अंग तापवल्याशिवाय उडता येत नाही. फार उंच मजल्यावर वारा त्रास देतो, तिथे ग्रिलच्या एका बाजूला उंच झाडं ठेवून आडोसा करा. आणि ते गच्च डबल पाकळ्यांचे हायब्रीड प्रकार असतात ना, दिसायला भारी, त्यात सोंड घालायला जागाच नसते आणि मधही नावालाच. साधा एकेरी पाकळ्यांचा झिनिया, कॉसमॉस, पेंटास, जमैकन स्पाइक, एवढं पुष्कळ. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, छोटी निळी फुलपाखरं त्यावर येतात.

आता अंडी जाण्याचं. अंडी दुसऱ्याच दिवशी नाहीशी होत असतील तर बहुतेक मुंग्या, नाहीतर कोळी. अंडं जागेवरच आहे पण काळं पडलं आणि चार-पाच दिवस झाले तरी अळी नाही, तर आत एक अगदी सूक्ष्म गांधीलमाशी वाढतेय, तिला डोळ्यांनी बघता येणार नाही. त्याचं काही करता येत नाही. पान खुडून डब्यात ठेवलं तरी आतलं आतच असतं. सोडून द्या.

बारीक अळ्या मरण्याचं मात्र सविस्तर सांगते कारण माझे पहिल्या वर्षीचे सगळे जीव इथेच गेले. लहान अळी पक्ष्याने शिटल्यासारखी दिसते, तपकिरी-पांढरी, ते मुद्दाम असतं, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून. माझ्याकडे अळ्या बाहेर यायच्या, एक-दोन दिवस पान कुरतडायच्या आणि मग सुस्त होऊन तिथेच आक्रसायच्या. झाड टवटवीत! इतकं टवटवीत, एक पिवळं पान नाही, एक मिलीबग (तो पांढरा कापसासारखा चिकटणारा किडा) नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. नवीन आणलेली कुंडी होती ती, नर्सरीतून येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. विक्रीच्या झाडांवर बऱ्याच ठिकाणी इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मारतात किंवा मातीत घालतात, आणि ते नुसतं पानावर बसत नाही तर झाडाच्या रसात भिनतं, मुळापासून शेंड्यापर्यंत. कित्येक आठवडे राहतं. वरून पाणी मारून धुतलं तर जात नाही हो, मी सगळं झाड बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली धरलं होतं, शेजारच्या काकू म्हणाल्या अभिषेक चाललाय का.

उपाय दोन आहेत. एक, नर्सरीतून आणलेलं झाड तीन महिने बाजूला ठेवायचं. मुळांची माती जमेल तेवढी झटकून नवीन मातीत लावायचं, वरून छाटून टाकायचं आणि नवीन फूट आली की तीच खरी. या काळात त्याला जाळी घालायची, नाहीतर फुलपाखराला काय कळतंय, ते अंडी घालून जाणार. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, झाड विकतच आणायचं नाही. जुन्या कढीपत्त्याच्या मुळाशी पिल्लं फुटतात, कोणाकडे झाड असेल तर एक पिल्लू मुळासकट मागून घ्या. किंवा त्याची काळी पिकलेली फळं, गर काढून लगेच पेरायची, वाळवून ठेवलेल्या बिया उगवत नाहीत, मी ठेवून बघितल्या आहेत. आणि अगदी काहीच नसेल तर सरबताचं लिंबू पिळलं की बिया कुंडीत टोचा. वीतभर रोपावरही अंडी पडतात, अक्षरशः सहा पानांच्या रोपावर चार अंडी बघितलीत मी, अर्थात सहा पानं चार अळ्यांना दोन दिवसही पुरत नाहीत, तेव्हा शेजारी दुसरं मोठं झाड हवं.

कडुनिंबाचं तेलही नको. सगळे म्हणतात नैसर्गिक आहे, काही होत नाही. अहो, ते अळ्यांसाठीच आहे, अळीची वाढ त्याने अडते. आणि बीटी नावाची पावडर सेंद्रिय म्हणून मिळते ती तर अळ्या मारायलाच बनवली आहे. मिलीबग असतील तर जुना टूथब्रश आणि पाणी, रोज पाच मिनिटं, कंटाळवाणं आहे पण चालतं.

दुसऱ्या वर्षी घरचं झाड होतं, अळ्या छान वाढल्या, हिरव्या झाल्या, बोटाएवढ्या झाल्या. हात लावला की डोक्यामागून केशरी दोन शिंगं बाहेर काढायच्या आणि तो उग्र वास यायचा, माझा मुलगा मुद्दाम पाहुण्यांना हे करून दाखवायचा. आणि मग त्या एकेक करून जायच्या. मी बुलबुलांना शिव्या घातल्या. ग्रिलला जाळी बांधली. तरी जायच्या. मग एका रविवारी ग्रिलच्या पत्र्यावर एक अळी सापडली, उताणी, अंग पिळवटत होती, तोंडातून हिरवं पाणी, आणि तिच्या बाजूला पांढरी रेघ. मुंग्यांच्या खडूची. मीच मारली होती ती रेघ! अंडी मुंग्या नेतात म्हणून प्रत्येक कुंडीभोवती गोल आखून ठेवलं होतं, पूजेला बसवल्यासारखं.

त्याचं कारण नंतर समजलं. मोठी अळी खायचं संपलं की पोट साफ करते, एकदा पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून चालायला लागते, कोष करायला जागा शोधत. दहा-बारा फूट सहज जाते. म्हणजे माझ्या प्रत्येक धडधाकट अळीला कुंडी सोडताना ती रेघ ओलांडायला लागत होती. झाडावर असेपर्यंत ठणठणीत आणि उतरली की संपली, म्हणून मला वाटायचं पक्षी नेतात. त्या खडूत किडे मारायचंच औषध असतं, मुंगीला वेगळं आणि अळीला वेगळं असं काही त्यात नसतं.

आता खडू बंद. कुंड्या एका लोखंडी स्टँडवर, स्टँडचे चार पाय चार वाट्यांमध्ये, वाट्यांत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. मुंग्यांना रस्ताच नाही. साबण विसरू नका आणि पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच वाट्यांत होतील आणि पावसाळ्यात पालिकेचे लोक तपासायला आले की तोंड दाखवायला जागा नाही. डासांवरून आठवलं, ते प्लगमध्ये लावायचं लिक्विड आम्ही खिडकीलगतच्या प्लगवरून काढून आत नेलं. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल किंवा खाली धूर मारणार असतील तर मी वॉचमनला आधी फोन करायला सांगून ठेवलंय, तेवढ्यापुरत्या अळ्या डब्यात घालून घरात घेते आणि खिडकी बंद. डासांची फवारणी बंद करा असं मी म्हणणार नाही, आमच्या विंगमध्ये दोघांना डेंग्यू झाला होता.

म्हणजे मोठी अळी 'गायब' झाली की लगेच मेली समजू नका. आधी शोधा. माझ्याकडे कोष कुठे कुठे सापडलेत: एसीच्या आउटडोअर युनिटच्या खाली, कुंडीच्या काठाच्या आतल्या बाजूला, झाडूच्या दांड्यावर, आणि एक तर कपडे वाळत घालायच्या दोरीवरच्या हिरव्या चिमट्यावर. कोष हिरवा असतो किंवा तपकिरी, जिथे करतो त्या जागेप्रमाणे, त्यामुळे समोर असून दिसत नाही. शेपटीकडून चिकटलेला आणि मध्ये एक धागा कंबरेला बांधल्यासारखा, नारळावर चढणारे बांधतात ना दोर, तसा. खरंच पक्ष्याने नेली असेल तर आजूबाजूची बाकीच्या अळ्यांची गर्दीही एकदम कमी होते, आणि चालत गेली असेल तर पानाखाली किंवा मातीवर तो पातळ ओला डाग दिसतो. मी आता डाग शोधते आधी.

पक्ष्यांसाठी मच्छरदाणीचं कापड पिशवीसारखं शिवून फांदीवर चढवायचं, खाली नाडी. त्याने कुंभारीण, गांधीलमाशी, पाल, सगळ्यांचाच बंदोबस्त होतो. सगळ्या झाडाला नको पण, एक-दोन फांद्यांनाच, पालींनीही कुठे जायचं.

अळी काळी, पिलपिलीत होऊन पिशवीसारखी लोंबली असेल तर तो रोग आहे, बहुतेक गर्दीमुळे. मी एकदा हौसेने चौदा अळ्या एका आइस्क्रीमच्या डब्यात ठेवल्या होत्या, दोन दिवसांत सगळ्या गेल्या, तो वास अजून आठवतो. आता एका डब्यात जास्तीत जास्त तीन, झाकणाऐवजी कापड, लेंड्या रोज झटकायच्या, पान ताजं पण ओलं नाही, आणि एक जरी सुस्त वाटली तरी ती लगेच वेगळी. रिकामा डबा साबणाने धुवून कडक उन्हात.

कोष झाला आणि पुढे काही नाही, हाही प्रकार झाला. पंधरा दिवस वाट बघितली, कोष तपकिरी, हलका, नीट बघितलं तर बारीक भोकं. आतून छोट्या छोट्या माश्या निघून गेलेल्या. दुसऱ्या एका कोषातून पांढरे धागे खाली लोंबत होते आणि जमिनीवर तांदळाच्या दाण्याएवढे लालसर तपकिरी कोष, ती टॅकिनिड माशी. ती अळीवरच अंडी घालते, म्हणून मी आता काही अंडी पानासकट पहिल्याच दिवशी आत आणते. सगळी नाही. कारण त्या माशीलाही... जाऊ दे, मला तिच्याबद्दल अजून माया वाटत नाही.

चांगला कोष शेवटच्या दिवशी काळपट होतो आणि आतली पंखांची नक्षी दिसायला लागते. काळा झाला म्हणून फेकू नका! दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच बाहेर येतं. खाली लालसर-तपकिरी थेंब पडतात, ते रक्त नाही. पंख सुकायला लोंबकळायला लागतं, तेव्हा गुळगुळीत डब्यात असेल तर एक काडी तिरकी लावून ठेवा, घसरून पडलं तर पंख वाकडेच सुकतात आणि मग काही उपाय नाही.

कढीपत्त्याशिवाय बाकीच्यांच्या तक्रारी येतात त्यात दोनच सांगते. पहिली, हळदीकुंकवाच्या झाडावर मावा. (हळदीकुंकू नावाचं फुलपाखरूही आहे, ते बांडगुळावर वाढतं, या झाडाशी त्याचा संबंध नाही, दरवेळी घोळ होतो.) या झाडावर आणि रुईवर प्लेन टायगर येतं, नारिंगी, आणि सोबत पिवळा मावा हमखास. औषध मारलंत तर अळ्या गेल्या. पाण्याच्या जोरदार धारेने मावा पाडायचा, आधी अळ्या बघून बाजूला करायच्या. फांदी तोडली की चीक येतो तो डोळ्याला अजिबात लागू देऊ नका, हात लगेच धुवा, घरात लहान मूल असेल तर उंचावर ठेवा. कण्हेर तर विषारीच आहे, हबशी फुलपाखरासाठी लावायची हौस असेल तर खाली बागेत लावा.

दुसरी, 'पानफुटी सडतेय'. सडत नाहीये. पानावर फिकट पारदर्शक पट्टे आणि आत काळे ठिपके दिसत असतील तर पान उजेडासमोर धरा, आत अळी असते, दोन पापुद्र्यांच्या मधला गर खात. रेड पिएरो नावाचं छोटं, वरून काळं आणि मागच्या पंखांवर केशरी असं फार गोड फुलपाखरू आहे, त्याची. आमच्या काकूंनी अशी पानं वर्षभर खुडून कचऱ्यात टाकली आणि वर मला विचारायच्या तुझ्याकडेच कशी येतात गं.

सीझनचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये काही घडलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. पाऊस ओसरला की सप्टेंबर ते नोव्हेंबर, खरा मोसम तोच, ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडी म्हणून फुलपाखरांची बाग आहे, तिथे तेव्हाच गर्दी असते. एक चक्कर मारून या, कोणतं फुलपाखरू कुठल्या झाडाभोवती घुटमळतंय ते तिथे नीट दिसतं, वाचून तसं कळत नाही. मला राणी पाकोळी, 2015 साली आपलं राज्य फुलपाखरू झालं ते, पहिल्यांदा नीट बसलेलं तिथे दिसलं. तेही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतं, म्हणून माझी पपनसाची कुंडी. अजून आलेलं नाही. दोनदा ग्रिलसमोरून गेलं, थांबलं नाही.

घरातलं भांडण कसं सोडवलं तेही सांगते कारण ते बहुतेक तुमच्याकडेही होणार. पोह्यांना कढीपत्ता लागतो आणि एक मोठी अळी शेवटच्या चार-पाच दिवसांत एवढं खाते की फांदीच्या फांदी काडी होते. आता दोन कुंड्या आहेत, एक जाळीतली फोडणीची आणि एक उघडी त्यांची. उघड्या झाडाची पानं पार संपली तर मी जाळीतल्या झाडाची एक फांदी चोरून देते. सासूबाईंना माहितेय. त्याही देतात. झाड मरत नाही, अळ्या गेल्या की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतं, उलट छाटल्यासारखं डेरेदार होतं. लेंड्या खालच्या मजल्यावर पडतात म्हणून तक्रार आली होती, स्टँडखाली एक मोठा ट्रे ठेवला, त्या तशाच पुन्हा कुंडीत घालते, खतच आहे ते.

या वर्षीचा हिशोब कालनिर्णयवर: जून ते ऑक्टोबर अंडी 41, कोष 13, उडाली 9. गेल्या दोन वर्षांचा मिळून शून्य होता. ऑक्टोबरमध्ये मोह झाला म्हणून नर्सरीतून एक ईडलिंबू आणलंय, ते सध्या बेडरूमच्या खिडकीत जाळीखाली आहे, संक्रांतीपर्यंत तरी सोडणार नाही. मग त्याच्या नवीन पालवीवर आधी एकच अळी ठेवून बघणार आहे, ती जगली तर बाकीच्यांना.